पोरं यायची का थांबली?

मुलांबरोबर काम करणाऱ्यांची या महिन्यातली तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याने सगळ्यात जास्त जागा खाल्ली आहे. ती मी खाऊ दिली.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी २४ वर्षांची, मूळची चिपळूणची. जूनपासून दापोली तालुक्यातल्या एका बंदराच्या गावात, एका संस्थेतर्फे १३ ते १८ वयाच्या मुलांबरोबर काम करते. संध्याकाळी अभ्यासिका, मग कबड्डी. कातकरवाडीतली तीन मुलं नेमानं यायची. डिसेंबरात रायगडला सहल ठरली, वर्गणी २०० रुपये. फळ्यावर सगळ्यांची नावं लिहून, पैसे आले की नावापुढे बरोबरची खूण करत होते. हळूहळू तिघंही यायची थांबली. वाडीत गेले तर म्हणाली, "आमाला नाय आवडत सहल." दुसरीकडे बोटीवरच्या नेपाळी खलाशाचा मुलगा आहे. खेळात सगळ्यांत चपळ, पण कोणी 'बहादूर' नाहीतर 'चिंकी' म्हटलं की सरळ हात उचलतो. गावातली मंडळी म्हणतात, "त्या लोकांना वळणच नाही, तू कशाला डोकं फोडतेस?" आमच्या प्रशिक्षणात गरिबी आणि भेदभाव या विषयावर एक दिवस ठेवला होता, पडद्यावर तक्ते दाखवले. इथे त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मी नेमकं काय समजून घेऊ?
– एक कार्यकर्ती, दापोली तालुका

उत्तर : पहिलं काम, तो फळा पूस.

कातकरवाडीत २०० रुपये उभेच राहत नाहीत असं समजू नकोस. खेकडे, रानभाजी, लाकडाची मोळी, कुणाच्या बागेतली साफसफाई, यातून ते जमतात. पण रोज संध्याकाळी सगळ्या गावच्या पोरांदेखत आपल्या नावापुढची रिकामी जागा बघत बसायचं, हे पंधरा वर्षांच्या पोराला जमत नाही. तुलाही जमलं नसतं. मग तो म्हणतो, मला सहल आवडत नाही. एकदा असं म्हटलं की पैशाचा प्रश्नच मिटला, अब्रू शाबूत. गरिबी झाकायला पोरं जे जे करतात, त्यालाच आपण पुढे त्यांचा स्वभाव म्हणायला लागतो. आळशी, माणूसघाणा, खोटारडा, वळण नसलेला.

चारचौघांत ओळख पुकारली की मुलाच्या डोक्याचं काय होतं, याचा एक प्रयोग झालेला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात उघड केली नव्हती तोवर दलित आणि सवर्ण मुलं सारखीच कोडी सोडवत होती. मग दुसऱ्या गटांत प्रत्येकाचं नाव, बापाचं, आजोबाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. त्या गटांतल्या दलित मुलांची सुटलेली कोडी कमी भरली. मुलं त्याच बुद्धीची, कोडी तीच, फक्त मधे एक पुकारा झाला. २००६ साली हे छापून आलं. आपल्याकडे असा पुकारा रोज होतो. 'शिष्यवृत्तीवाले उभे राहा', 'कातकरवाडीचे किती आले?', आणि सगळ्यांत साळसूद प्रश्न म्हणजे 'तू कुठल्या वाडीचा रे?' कोकणात वाडी सांगितली की जात सांगून झाली. सुतारवाडी, गुरववाडी, बौद्धवाडी, कातकरवाडी. नवीन मुलाला हा प्रश्न विचारू नकोस. घर कुठल्या रस्त्याला, एवढ्यावर भागतं.

आता त्यांचं वर्ष कसं जातं ते बघ. संस्थेच्या वार्षिक नियोजनात ते सापडायचं नाही. पावसाळ्यात काम नसतं, घरातला दाणा संपतो. नेमका तेव्हा भट्टीचा मुकादम येतो आणि उचल देऊन जातो. दिवाळी झाली की ती फेडायला कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परततं. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली. पण उचल फिटेपर्यंत माणसाला जागचं हलता येत नसेल, तर कायद्याच्या भाषेत ती वेठबिगारीच, मुकादम तिला काहीही नाव देवो. तुझी तिघं डिसेंबरातही गावात होती. म्हणजे त्यांची माणसं यंदा भट्टीवर गेलेली नाहीत, किंवा पोरांना आजीच्या गळ्यात टाकून गेली आहेत. यातलं खरं कुठलं, हे तुला ठाऊक आहे का? दुसरं असेल तर त्या पोरांच्या अंगावर धाकटी भावंडं, पाणी आणि चूल आहे, आणि तुझी अभ्यासिका भरते नेमकी चुलीच्या वेळेला.

पैशाची ओढाताण माणसाचं डोकं अडवून ठेवते, यावरही काम झालं आहे. २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास आला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी एकदा ऊस तुटायच्या आधी, हात तंग असताना घेतली, आणि एकदा तोडणीनंतर, हातात पैसा आल्यावर. पैसा आल्यावर तीच माणसं त्याच तऱ्हेच्या चाचणीत बरी ठरली. तेव्हा तुझा एखादा मुलगा ऑगस्टमध्ये पाढे विसरतो आणि जानेवारीत त्याला आठवतात, तर त्याच्या वहीआधी त्याच्या घरातला डबा बघ.

आणि कागद. हा भाग प्रशिक्षणात कोणी सांगत नाही आणि पोरांचं निम्मं आयुष्य त्यातच अडकतं. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. त्यांच्यासाठी योजना आहेत, नोव्हेंबर २०२३ पासून केंद्राची पीएम-जनमन पण आहे. पण बहुतेक दारांवर आधी जातीचा दाखला विचारतात, आणि दाखल्याला पुरावा मागतात ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, घराणं तेव्हा इथेच राहत होतं याचा. ज्याच्या पणजोबाच्या नावावर जमीन होती त्याला सातबारा काढायला वेळ लागत नाही. कातकऱ्याच्या नावावर जमीन कधी नव्हतीच. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली, कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळाली, पण ती ज्याचं नाव कूळ म्हणून कागदाला लागलं होतं त्याला. आज इथे खैर तोडून कात काढणारा, उद्या तिथे कोळसा पाडणारा, त्याचं नाव कोण लावतो? राहतं घरही बऱ्याचदा दुसऱ्याच्या जागेत, त्यामुळे घरकुल मंजूर होऊनही जागामालकाच्या सहीवाचून अडतं.

एका आजीला मी नातवाची जन्मतारीख विचारली होती. तिने बराच वेळ आठवून सांगितलं, "करवंदां पिकली व्हती. आन् ह्याचा बापूस भट्टीवर व्हता." माझ्या दृष्टीने ही पक्की नोंद आहे: मे महिना, आणि बाप परगावी. अर्जातल्या चौकटीत ती बसत नाही. बरं, आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय पेणला. दापोलीहून तिथे जायचं म्हणजे एसटीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडाली. साहेब दौऱ्यावर असले तर दोन दिवसांची. या लोकांना शिक्षणाची आवड नाही असं ज्याला वाटतं, त्याने एकदा पेणची ही खेप स्वतः करून बघावी.

तुला करता येईल ते सांगते. सहल रद्द करू नकोस, तिचा खर्च एकट्या पोरांच्या खिशातून काढू नकोस. बंदरावर बोटमालक आहेत, बर्फाचे कारखानदार आहेत, गणपतीला वर्गणी देतात तसे देतील. उरलेलं डब्यात टाका. झाकणबंद डबा, ज्याला जे जमेल ते, नाव नाही, खूण नाही. कबड्डीचे बूट आणि बनियन संघाच्या मालकीचे, खेळून झालं की पेटीत. खाऊ रोज आणि सगळ्यांना, चणे-गूळ पुरेत. 'गरजू मुलांसाठी अल्पोपाहार' असा फलक लावलास तर गरजू मुलंच तिकडे फिरकायची नाहीत. आणि दप्तरवाटपाचे ते फोटो! पाहुणे आले, रांग लागली, दप्तराचा एक बंद पाहुण्याच्या हातात, एक पोराच्या हातात, आणि दोघंही कॅमेऱ्याकडे बघतायत. ते दप्तर पोरगा वर्षभर पाठीवर वागवतो आणि वर छापलेलं देणगीदाराचं नाव गावाला वाचून दाखवत फिरतो. तुझ्या संस्थेने असले फोटो मागितले तर वाद घाल.

त्या तिघांकडे परत जाशील तेव्हा सहलीचा विषय काढू नकोस. कबड्डीला गडी कमी पडतायत, हे खरंच आहे ना? मग तेच सांग.

आता नेपाळी पोराबद्दल. आधी हजेरी उघड आणि त्याचं नाव काय लिहिलं आहे ते बघ. एका शाळेच्या पटावर मी तीन निरनिराळ्या घरची मुलं 'बहादूर' या एकाच आडनावाखाली पाहिली आहेत, कारण तिघांच्याही नावात मधे कुठेतरी बहादूर होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ट्रॉलरवर आणि हापूसच्या बागांमध्ये नेपाळी माणसांवाचून आज हंगाम उभा राहत नाही, हे बोटमालकही कबूल करेल आणि बागायतदारही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला, कामधंदा करायला मोकळीक आहे. त्यात पश्चिम नेपाळातले पुष्कळ. त्यांच्यातले कितीक दिसायला आपल्या कुमाऊं-गढवालच्या माणसांसारखेच, तरी हाक 'चिंकी'च. आपण ज्यांना सरसकट गुरखा म्हणून मोकळे होतो, त्यांच्यात ठकुरी-क्षेत्रीही असतात आणि तिकडच्या अस्पृश्यतेतून आलेले विश्वकर्माही. १९६३ च्या मुलुकी ऐनने, म्हणजे तिकडच्या कायदेसंहितेने, नेपाळात अस्पृश्यतेचा कायदेशीर आधार काढून घेतला. गावाच्या मनातून ती किती गेली, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. दोन नेपाळी पोरं एकमेकांना टाळताना दिसली तर ती भांडलीच असतील असं धरून चालू नकोस.

त्या मुलाचा बाप 'बहादूर, दोर ओढ', 'बहादूर, चहा आण' ऐकतो आणि हसतो. धक्क्यावर कधी सकाळी उभी राहून बघ. मासळी उतरतेय, लिलाव चाललाय, आणि वीस वर्षांचा तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, चाळिशीतल्या खलाशाला अरे-तुरे करतोय. पोरगं टोपलीआड उभं राहून हे बघतं. बाप हसतो, कारण उचल त्याच्याही डोक्यावर आहे आणि १ जूनला मासेमारी बंदी लागली की हिशेब मालकाच्या वहीवर व्हायचा आहे. बापाने जे गिळलं ते पोरगं मैदानात ओकतं. त्यातून दोन देशांच्या शाळांत वर्षं वाया गेल्याने तो बहुधा आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात बसत असेल. मैदान हीच त्याची एक जागा, जिथे तो कुणाहून कमी नाही. तिथेही ती हाक आली.

मैदानाचा एक नियम कर. हाक नावाने. दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारा आधी बाहेर, हात उचलणारा त्याच्या मागोमाग बाहेर, दोघंही तितकाच वेळ. आजवर एकटा हात उचलणारा बाहेर जात आला, कारण हात दिसतो. आणि चिडवणाऱ्या पोरांना व्याख्यान झोडू नकोस. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे काका-मामा मुंबईत आहेत. तिथे कोकणातून आलेल्या घरगड्याला लोक काय म्हणून हाका मारायचे, ते एकदा घरी आजोबांना विचारून या म्हणावं.

वळण नाही म्हणणाऱ्या मंडळींशी वाद घालण्यात शक्ती घालवू नकोस. एक मात्र माहीत असू दे. कातकरी अनुसूचित जमातीत आहेत, आणि चारचौघांत त्यांचा जातीवरून अपमान करणं १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पोलीस ठाण्याची पायरी शेवटची, पण ती आहे हे ग्रामसभेत एकदा सहज बोलून ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : सा. न. वि. वि. वंशभेद हा अमेरिका-आफ्रिकेचा विषय. आपल्या कोकणात सर्व वाड्या एकोप्याने नांदतात, शिमग्याला पालखी सगळ्यांच्या दारी जाते. हल्ली शिबिरांमधून कोवळ्या मुलांच्या डोक्यात जात आणि वंश भरवतात, त्याने भेद वाढतो असे वाटते. आपले मत?
– एक निवृत्त वाचक, गुहागर

उत्तर : पत्राबद्दल आभार. तुम्ही सभ्यपणे विचारलंत, म्हणून सरळ सांगते. पालखी सगळ्यांच्या दारी जाते का, आणि खांदा कोणाकोणाला मिळतो, हे या शिमग्याला तुम्ही स्वतःच मोजा.

एकोपा ठरावाने झाला असता तर महाडचं तळं १९२४ लाच खुलं झालं असतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही केला. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या लोकांना गावात मार खावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. हे महाड तुमच्याआमच्या कोकणातलंच. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य सरकारने घेतला. पाटी बदलली तरी रिक्षावाल्याला जुनंच नाव सांगावं लागतं.

वंशाचं म्हणाल, तर २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलच्या निडो तानिया या तरुण विद्यार्थ्याला त्याच्या दिसण्यावरून चिडवलं, वाद झाला, मारहाण झाली आणि तो गेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजीसाठी दंडसंहितेत वेगळी कलमं सुचवली. तेव्हा विषय अमेरिकेचा राहिलेला नाही. मुरुड-जंजिऱ्याला आफ्रिकेतून आलेल्या सिद्द्यांचं राज्य थेट १९४८ पर्यंत होतं. काळा रंग या किनाऱ्याने हुकूम सोडतानाही पाहिला आहे.

मुलांच्या डोक्यात आम्ही भरवतो म्हणता? शाळेचं स्नेहसंमेलन आठवा. गोरी, घाऱ्या डोळ्यांची मुलगी जिजाऊ होते आणि कातकरवाडीतली मुलगी 'आदिवासी नृत्यात' मागच्या रांगेत, तिच्याही तोंडाला वर आणखी काजळ फासलेलं. ही निवड कुठल्या शिबिराने केलेली नसते.

प्रश्न : बाई, आमची हापूसची बाग आहे. राखणीला नेपाळी कुटुंब असतं, नोव्हेंबर ते मे. त्यांची मुलगी नऊ वर्षांची. जवळच्या शाळेत नेलं तर म्हणाले, जन्मदाखला नाही, आधार नाही, वर्षाच्या मधेच आलात, आणि मुळात परदेशी. मी काय करू?
– एक बागायतदार, रत्नागिरी तालुका

उत्तर : शिक्षण हक्क कायदा, २००९. त्यात शब्द 'प्रत्येक बालक' असा आहे, नागरिक असा नाही. वय ६ ते १४. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम १४), वर्षाच्या मधे आलं म्हणूनही नाही (कलम १५), आणि नऊ वर्षांच्या मुलीला पहिलीत न बसवता वयाप्रमाणे वर्गात घेऊन मागचा अभ्यास भरून द्यायचा असतो (कलम ४). आधारवाचून पोर्टलवर नोंद अडते ही शाळेची अडचण खरी आहे, पण ती शाळेने वर कळवायची, मुलीला दारात थांबवायचं नाही.

बापाला एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. तोंडी बोलू नका, मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्या आणि पोच घ्या. तरीही नाही म्हणाले तर तीच पोच जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. मे मध्ये ती माणसं गावी निघतील तेव्हा शाळेकडून शिकल्याची नोंद लेखी मागून घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवता येईल आणि पुढच्या नोव्हेंबरात इथेही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकं फुकट मिळतात आणि दुपारचं जेवणही, तेव्हा तो खर्च तुमच्यावर नाही. तुमच्याकडून लागेल ती सवड. वानर हाकलायला, पेट्या भरायला, धाकट्याला सांभाळायला या पोरी एप्रिलमध्ये हमखास बागेत थांबवल्या जातात, आणि थांबवणारा दरवेळी बापच असतो असं नाही. तोडणीच्या दिवसांत एक गडी जास्त लावा, आणि तिच्या आईची मजुरी तिच्या आईच्याच हातात द्या.